आडव्या कुंपणावरच्या गप्पा

कुंपणावरून गप्पा मारायच्या तर आधी कुंपण उभं असावं लागतं. आमचं एका मंगळवारच्या वाऱ्यात आडवं झालं. रात्री दोनला धाडकन आवाज आला, मला वाटलं कचऱ्याचा डबा कलंडला. सकाळी पडदा सारला तर समोर थेट शेजारचं स्वयंपाकघर आणि खिडकीत माई, हातात पोळपाट. दोन महिने झाले त्यांना कोरेगावहून येऊन. आजवर फळ्यांच्या फटीतून त्यांचा एक डोळा आणि अर्धं कुंकू एवढंच दिसायचं. त्या दिवशी अख्ख्या माई दिसल्या.

इथे फ्रीमाँटला हिवाळ्यातला पाऊस वाऱ्याला सोबत घेऊन येतो आणि कुणाची ना कुणाची फेन्स पाडून जातो. फळ्यांना काही होत नाही, त्या रेडवूडच्या. कुजतो तो खांब, तोही बरोबर जमिनीलगत, जिथे ओल धरून राहते. चाळीस फुटांच्या कुंपणात आमचे सहा खांब, त्यातले चार बुडाशी भुसा झालेले. बाकीच्या दोघांनीच किती धरायचं?

शनिवारी सकाळी मी पायजमा-स्वेटरवर मागे गेले तर माई चहाचा कप घेऊन आडव्या फळ्यांवर बसलेल्या. पलंगावर बसावं तशा. त्यांची सून उभी, फोनमध्ये डोकं. सून नाशिकची, म्हणून मी तिला नाशिककरच म्हणते.

“या,” माई म्हणाल्या, “आता काय, दार ना खिडकी. हे कुणाचं म्हणायचं, तुमचं का आमचं?”

म्हटलं, दोघांचं. कॅलिफोर्नियात २०१३ सालचा कायदाच आहे त्याचा. नावही कसं, चांगल्या शेजाऱ्यांचा कुंपण कायदा! सामाईक कुंपणाचा खर्च निम्मा-निम्मा धरायचा, आणि ज्याला काम काढायचंय त्याने दुसऱ्याला तीस दिवस आधी लेखी कळवायचं.

माई हसल्या. “आमच्याकडं बांध वीतभर सरकला म्हणून सख्खे चुलते अठरा वर्षं कोर्टात उभे होते. वकिलाच्या दोन मुली उजवल्या त्या बांधावर. आणि इथं चिठ्ठी लिहायची होय?”

“आपण चिठ्ठी नको लिहूया काकू,” नाशिककर म्हणाली, “माणूस मिळालाय मला. बत्तीसशे. दोन दिवसांत उभी करून देतो म्हणाला.”

“कुठे मिळाला?”

“मिळाला कुठे, आलाच. काल दुपारी बेल वाजवली. पिकअप होती, मागे फळ्या भरलेल्या. म्हणाला, वाऱ्यात पडलेल्या सगळ्या फेन्स मीच करतोय या भागात. फक्त निम्मे आधी द्या, लाकूड घ्यायचंय.”

गाडीत फळ्या भरलेल्या होत्या ना, मग लाकूड कसलं घ्यायचंय, हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, “निम्मे म्हणजे सोळाशे. अगं, इथे घरदुरुस्तीच्या कामाला दहा टक्के किंवा हजार डॉलर, यातलं जे कमी असेल त्याहून जास्त आगाऊ मागताच येत नाहीत. बत्तीसशेचे दहा टक्के किती?”

“तीनशे वीस,” माई म्हणाल्या. माईंचं गणित सुनेच्या फोनपेक्षा जलद आहे.

“आणि पुढचे पैसेही जेवढं काम झालं, जेवढं सामान आलं, तेवढ्याचेच. कामाच्या पुढे पैसा धावायचा नाही.”

नाशिककर जरा चिडली. तिचा मुद्दा असा की गाडीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, लायसन्स्ड अँड इन्शुअर्ड. हे दोन शब्द इथे इतक्यांदा एका दमात म्हटले जातात की ते एकच वाटायला लागतात, शुद्ध तुपातलं असं पाटीवर असतं तसं. मी विचारलं, “त्याखाली नंबर होता?” तर नव्हता. म्हटलं, लायसन्स असणाऱ्याला जाहिरातीत नंबर छापावाच लागतो. नुसतं लायसन्स्ड लिहिणं म्हणजे लग्नाच्या जाहिरातीत ‘उच्चशिक्षित’ लिहून डिग्री न सांगणं.

“नंबर आहे ना,” ती म्हणाली, “मी मागितला, त्याने मेसेज केलाय.”

तेवढं तिने केलं होतं हे चांगलंच. पण नंबर मागून घेतला आणि तसाच फोनमध्ये ठेवला, याला काय म्हणावं? डॉक्टरची चिठ्ठी घेऊन औषध न आणल्यासारखं.

मग मी आमची, फार वर्षं न सांगितलेली गोष्ट सांगितली. आता फेन्सच पडली होती, झाकून काय ठेवायचं.

आम्ही वरची बाथरूम नवी करायला काढली होती. एका पॉटलक जेवणात कुणीतरी सांगितलं, अमुक एक आहे, एकदम आपला माणूस, आपल्यातल्या दहा जणांची कामं केलीत. आपला माणूस! या दोन शब्दांपुढे आपण मराठी माणसं एकही प्रश्न विचारत नाही. जावयाची चौकशी करतो, पण ओळखीच्या माणसाची करायची म्हणजे ओळख करून देणाऱ्याचा अपमान. तो आला, गोड बोलला, माझ्या हातचे पोहे खाल्ले. कागद नाही, करार नाही. यांनी एकदा विचारलं, लायसन्स आहे ना? तो म्हणाला, म्हणजे काय! झालं. आमची तपासणी संपली.

तिसऱ्या दिवशी त्याच्याकडचा टाइल बसवणारा पोरगा शिडीवरून पडला. मनगट मोडलं. बावीस-तेवीसचा असेल. मी त्याला गाडीत घालून इमर्जन्सीत नेलं. तिथल्या बाईने विचारलं, कामावर लागलंय का, मालक कोण? पोरगा माझ्याकडे बघायला लागला आणि मी त्याच्याकडे. आपल्या माणसाला फोन लावला तर तो उचलेना. पुन्हा कधीच उचलला नाही.

नंतर कळलं की लायसन्स होतं, पण दुसऱ्याच कुणाचं. आणि माणूस बिनलायसन्सचा निघाला तर त्याच्या कामगाराचं मालकपण घरवाल्याच्या गळ्यात पडू शकतं. म्हणजे मी, पोहे करणारी, त्या पोराची शेठाणी! घराच्या विमा कंपनीशी दीड वर्ष पत्रं चालली, शेवटी त्यांनी पैसे भरले. त्या पोराचं काय झालं ते मला ठाऊक नाही. हात नीट बसला असेल तर बरं. बाथरूमची एक टाइल अजून वाकडी आहे, ती मी बदलली नाही.

माई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आमचा गवंडी परांचीवरून पडला होता. घर बांधताना, एकोणऐंशी साली. मांडीचं हाड. ह्यांनी डॉक्टरचं केलं, आणि वर्षभर त्याच्या घरी ज्वारी जात होती. असं करायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही.”

“कायदा होता हो माई. कामगाराला भरपाई द्यायचा कायदा आपल्याकडे १९२३ सालचाच होता.”

“असंल. आमच्यापर्यंत ज्वारी पोचली, कायदा नाही पोचला.”

यावर काय बोलणार? माईंच्या गावात गवंड्याचा बाप, त्याचा बाप, कुणाच्या भिंतीला तडा गेला, कुणाचं छप्पर गळतं, सगळं पारावर ठाऊक. तिथे तेच लायसन्स आणि तोच विमा. ती ओळख इथे विमानातून आणता येत नाही. आपण आणतो फक्त तिचा शब्द, ‘आपला माणूस’, आणि त्याच्या मागचा पार तिकडेच राहतो. एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते मी इथल्या मराठी मंडळात सांगितलं तर लोकांना वाईट वाटेल, म्हणून पडक्या कुंपणावर सांगते.

“बरं, टाक तो नंबर,” मी नाशिककरला म्हटलं.

राज्याचं एक बोर्ड आहे, कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड. १९२९ पासूनचं. लायसन्स हवं तर त्या धंद्यातला चार वर्षांचा अनुभव दाखवायचा, परीक्षा द्यायची, बोटांचे ठसे द्यायचे. त्यांच्या साइटवर नंबर टाकला की त्या माणसाची कुंडली निघते, फुकट, दोन मिनिटांत. मुंज-लग्नाला आपण जेवढा वेळ पत्रिका बघतो त्याच्या शंभराव्या हिश्श्यात.

तिने टाकला. तिघींची डोकी फोनवर.

नाव वेगळंच आलं. “भाऊ असेल त्याचा,” नाशिककर म्हणाली, पण आवाज उतरला होता. लायसन्स चालू होतं, तारीख पुढची होती. मग वर्ग बघितला. सी-३३.

“हे काय असतं?”

“रंगारी. फेन्सवाल्याचा सी-१३. विजेच्या कामाचा सी-१०, प्लंबरचा सी-३६, छपराचा सी-३९. ज्याचं त्याचं घराणं वेगळं.”

“म्हणजे तो फेन्स रंगवू शकतो,” माई म्हणाल्या, “उभी नाही करू शकत.”

खरी गंमत त्याच्या खाली होती. कामगारांच्या विम्याच्या रकान्यात लिहिलं होतं, सूट. म्हणजे त्या माणसाने बोर्डाला लिहून दिलंय की माझ्याकडे कुणी कामाला नाही, मी एकटाच. छपरावाले, झाडं तोडणारे अशा काहींना एकटे असले तरी तो विमा काढावाच लागतो, रंगाऱ्याला एकटा असला तर नाही लागत. मी विचारलं, “तुला काय म्हणाला होता, दोन दिवसांत कसं करणार?”

नाशिककरने कपाळाला हात लावला. “म्हणाला, माझी चार पोरं आहेत.”

“पोटची नसतील,” माई म्हणाल्या.

तो रकाना बघा म्हणून मी सगळ्यांना सांगत असते. लायसन्सचा पहिला शब्द ‘चालू’ दिसला की लोक फोन मिटतात. सूट लिहिलंय आणि दारात टोळी उभी आहे, तर त्या टोळीतला जो पडेल तो तुमच्या अंगणात पडेल.

“पण बाँड आहे की हो,” नाशिककर अजून लढत होती, “हे बघा, पंचवीस हजार.”

“बाँड म्हंजे जामीन ना?” माई.

अगदी बरोबर, जामीनच. विमा नव्हे. त्याने कायदा मोडला, काम अर्धवट टाकलं, कामगारांचा पगार बुडवला, तर त्या पंचवीस हजारांतून काही मिळू शकतं. पण तो एकच जामीन त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना पुरवायचा. पंगतीला एक ताट ठेवून पन्नास जणांना बोलावलं तर शेवटच्याला काय मिळणार? आणि तुमची भिंत फोडली, शेजाऱ्याच्या गाडीवर खांब पाडला, तर त्याला लागतो तो नुकसानभरपाईचा विमा वेगळाच, ज्याला इथे जनरल लायबिलिटी म्हणतात. आता ऐका, साध्या एकट्या धंदेवाल्याला लायसन्ससाठी हा विमा सक्तीचाच नाही! बहुतेकांना हे ठाऊक नसतं. लायसन्स असलं म्हणजे विमा असतोच असं समजून लोक निवांत झोपतात. तो स्वतंत्र मागावा लागतो, आणि कागद त्याच्या हातून नाही, त्याच्या विमा एजंटकडून थेट आपल्या ईमेलवर मागवायचा. हातातल्या कागदावरची तारीख बदलायला आता शाळकरी पोरालाही पाच मिनिटं पुरतात.

तेवढ्यात नाशिककरला आठवलं. “तो असंही म्हणाला होता की आठशे-आठशेची चार बिलं करू, म्हणजे तुम्हाला कटकट नाही.”

मी मोठ्याने हसले. कटकट मला नाही, त्याला नको होती. बिनलायसन्सच्या माणसाला इथे किरकोळ कामाची मुभा आहे. सामान आणि मजुरी मिळून हजार डॉलरच्या आतलं काम, आधी ती हद्द पाचशे होती, २०२५ पासून हजार झाली. पण त्याने एकट्याने करायचं, कामाला परमिट लागत नसलं तर. आणि एका कामाचे तुकडे करून हद्दीखाली आणायचं नाही, हे तर स्पष्टच लिहिलंय. रंगाऱ्याचं लायसन्स कुंपणाला चालत नाही हे त्याला आपल्याआधी माहीत होतं, म्हणून चार बिलं.

“आणि दिले पैसे, बुडवले त्याने, तर?” माईंचा प्रश्न.

कायदा या बाबतीत कडक आहे. बिनलायसन्सच्या माणसाला केलेल्या कामाचेही पैसे कोर्टात मागता येत नाहीत, उलट गिऱ्हाईक दिलेले परत मागू शकतं. हे ऐकून नाशिककरचा नवरा, जो मागच्या दारात कॉफी घेऊन उभा होता, तिथूनच म्हणाला, “मग करून घेऊ ना त्याच्याकडूनच, नंतर परत मागू!” इंजिनिअर आहे. माईंनी वळून मुलाकडे नुसतं बघितलं, तो आत गेला. जो फोन उचलत नाही त्याच्याविरुद्धचा निकाल फ्रेम करून लावायचा काय भिंतीवर?

आता माईच रंगात आल्या होत्या. त्यांनी विचारलं, लायसन्सवाला असला, विमेवाला असला, सगळं चांगलं, तर मग काही भीती नाही ना? म्हटलं, एक आहे. तुम्ही त्याला पूर्ण पैसे दिलेत आणि त्याने लाकडाच्या वखारीचे दिले नाहीत, तर वखारवाला तुमच्या घरावर दावा नोंदवू शकतो.

“बोजा!” माई ताडकन म्हणाल्या. “सातबाऱ्यावर चढतो तसा?”

अगदी तसाच. मी बावीस वर्षं लोकांना हा दावा, म्हणजे मेकॅनिक्स लीन, समजावून सांगतेय, कुणाला पटकन कळत नाही. माईंना अर्ध्या वाक्यात कळलं, कारण सोसायटीचा बोजा उतरवायला त्यांनी तलाठ्याच्या किती फेऱ्या मारल्यात. उपायही तोच. पैसे देताना ‘आमचं येणं फिटलं’ असं सोडपत्र कॉन्ट्रॅक्टरकडून आणि सामानवाल्याकडूनही घ्यायचं. वखारीकडून आधी एक नोटीस येते टपालाने. ती जाहिरात समजून टाकून द्यायची नाही. आमच्याकडे टपालात निम्मी पिझ्झ्याची कूपनं असतात, त्यात ती हरवते.

तर तो रंगारी बाद झाला. नाशिककरने त्याला ‘नको’ कळवलं. लगेच मेसेज आला, अठ्ठावीसशे, फक्त आज. दहा मिनिटांनी सव्वीसशे. माई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत थांबलो तर फुकट करून देईल.

मग तिघांकडून भाव घेतले, तिघेही सी-१३ वाले. एक जण आलाच नाही. एकाने एकावन्नशे सांगितले आणि खांब किती खोल पुरणार विचारल्यावर म्हणाला, नेहमीसारखे. तिसरा एक्केचाळीसशे. बुटका, कमी बोलणारा, त्याने खिशातून न मागता लायसन्सचं कार्ड काढलं, ओलीत न कुजणाऱ्या प्रक्रिया केलेल्या लाकडाचे खांब, दोन फूट खोल, काँक्रीटमध्ये, हे सगळं करारात लिहून दिलं. आगाऊ चारशे दहा. विम्याचा कागद एजंटकडून दुपारी आला. पहिल्यापेक्षा नऊशे जास्त, हे खरं, आणि नाशिककरने ते तीनदा बोलून दाखवलं. निम्मे आपले म्हणजे साडेचारशे जास्त, असं मी म्हटलं. त्या पोराच्या मोडलेल्या मनगटाच्या हिशेबात ते चिल्लर आहेत, हे नाही म्हटलं.

करारावर सही करताना त्याने सांगितलं की तीन दिवसांत मन बदललं तर रद्द करता येईल, आणि सही करणारं पासष्टच्या पुढचं असेल तर पाच दिवस. माईंना ते फार आवडलं. “मग मीच करते सही, मी एकाहत्तरची.” त्यांना सांगावं लागलं की घर तुमच्या नावावर नाही.

मंगळवारी अंगणात रंग उमटले. खणण्याआधी ८११ ला कळवावं लागतं, फुकट असतं, मग गॅस-पाणीवाले येऊन जमिनीखालून काय कुठून जातं त्याच्या खुणा करून जातात. गॅसला पिवळा, विजेला लाल, पाण्याला निळा, फोनला नारिंगी. माई सकाळी उठून बघतात तर तुळशीच्या कुंडीपासून माझ्या लिंबापर्यंत रेघा. “रांगोळी कुणी घातली गं?” म्हणून त्यांनी सुनेला उठवलं. पिवळी रेघ तिसऱ्या खांबापासून हातभर लांब होती. रंगाऱ्याच्या चार पोरांनी हे विचारलं असतं का, देव जाणे.

काल संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टर दोऱ्या लावून गेला. जाताना माईंनी त्याला अडवलं आणि हातवारे करून विचारलं, मध्ये एक छोटं फाटक बसवशील का? सुनेने भाषांतर केलं. तो म्हणाला, साडेतीनशे वेगळे पडतील. माईंनी आत जाऊन पर्स आणली, पण पैसे काढले नाहीत. पर्समधून पेन काढलं, त्याच्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, “आधी लिहून दे.”

फाटक करारात चढलं. गुरुवारी सकाळी आठला माणसं येणार आहेत, तोवर चहा फळ्यांवरच.